चवथ आटोपली, आता व्यायामाला परत: शरीर काय विसरतं, काय लक्षात ठेवतं

गोव्यात गणपती दीड दिवसाचा असला तरी चवथीची सुट्टी दीड दिवसात संपत नाही. आधी घराची साफसफाई, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या मांडणीचं) सामान, नेवऱ्यांचे (करंज्यांचे) घाणे. मग गावच्या घरी सगळं कुटुंब एकत्र. कुणाकडे पाच दिवस, कुणाकडे नऊ. सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा अशा भागांतल्या मूळ घरांतून पणजी-वास्कोला कामावर रुजू होईपर्यंत दहा-पंधरा दिवस सहज उलटतात. या दिवसांत कुणी ट्रेडमिलवर चढत नाही, आणि चढूही नये. वर्षातून एकदा भरणारं घर सोडून कुणी जिम शोधत फिरावं असं मला मुळीच वाटत नाही.

प्रश्न परतल्यावरचा आहे. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर रोज चालणारे किंवा जिमला नेमाने जाणारे लोक सुट्टीनंतर बहुधा दोनपैकी एक काहीतरी करतात. काही जण पहिल्याच दिवशी दुप्पट व्यायाम करून पंधरा दिवस भरून काढायला जातात. काहींना पहिल्या दहा मिनिटांत धाप लागते, ते ‘सगळं गेलं, परत शून्यापासून’ म्हणून खचतात आणि दिवाळीपर्यंत घरीच राहतात. दोघांचाही समज एकच असतो: फिटनेस ही एकच गोष्ट आहे आणि ती एकतर असते, नाहीतर गेलेली असते.

प्रत्यक्षात त्या एका शब्दाखाली निदान चार-पाच वेगळ्या गोष्टी येतात. दम, ताकद, साखर पचवण्याची क्षमता, सांध्यांची तयारी, उकाडा सोसण्याची सवय. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या गतीने उतरते आणि वेगळ्या गतीने परत येते. हे एकदा नीट कळलं की पहिल्या दोन आठवड्यांत काय करायचं ते बरंचसं आपोआप कळतं.

दम सगळ्यात आधी का जातो

नियमित व्यायाम करणाऱ्याच्या अंगात रक्ताचं प्रमाण थोडं जास्त असतं. त्यातही रक्तद्रव, म्हणजे रक्तातला पाण्यासारखा पिवळसर भाग, वाढलेला असतो. त्यामुळे हृदय दर ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलतं आणि तेच काम कमी ठोक्यांत होतं. व्यायाम थांबला की शरीर हा जादा रक्तद्रव सांभाळत बसत नाही. थोड्याच दिवसांत तो कमी होऊ लागतो. मग तोच चढ, तोच वेग, पण नाडी जास्त आणि श्वास वर.

यावरचा एक नेटका अभ्यास १९८४ सालचा आहे. एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं धावण्याचा आणि सायकलिंगचा सराव असलेल्या लोकांना सराव पूर्ण बंद करायला लावला. १२ दिवसांत हृदयाच्या एका ठोक्यामागे जाणारं रक्त सुमारे १० टक्क्यांनी घटलं. २१ दिवसांत ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता ७ टक्क्यांनी उतरली, आणि ५६ दिवसांनंतर ती १६ टक्क्यांनी खाली जाऊन तिथे स्थिरावली. पुढे १९८६मध्ये याच संशोधकांनी सराव सोडलेल्या लोकांचा रक्तद्रव शिरेतून द्रव देऊन वाढवून पाहिला. तेव्हा ठोक्यामागचं रक्त जवळजवळ पूर्वीच्या पातळीवर आलं. म्हणजे सुट्टीनंतर हृदयाचा स्नायू कमकुवत होऊन बसलेला नसतो. त्याच्याकडे येणारा द्रवच कमी झालेला असतो.

ही गोष्ट मला फार दिलासा देणारी वाटते, कारण जे पटकन जातं तेच पटकन परत येतं. नियमित व्यायाम सुरू झाला की रक्तद्रव काही दिवसांतच वाढू लागतो. पहिल्या दिवशी पणजीच्या मळा भागातल्या मारुती मंदिराच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबावं लागलं, तर ते थांबणं रक्तातल्या पाण्यामुळे आहे. दहा दिवसांनी त्याच पायऱ्या बऱ्याच सोप्या वाटतील.

यात एक मोठा फरक मात्र आहे. सुट्टीत घरात वावरणं वेगळं आणि अंथरुणाला खिळून राहणं वेगळं. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सरासरी २७ टक्क्यांनी कोसळली. ३० वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा असं दिसलं की ३० वर्षांच्या वयाने त्यांची क्षमता जितकी कमी केली, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केली होती. चवथीत असं कुणी झोपून नसतं. माटोळीला नारळ-सुपारीचे घड बांधायला शिडीवर चढणं, विहिरीचं पाणी काढणं, घरोघरी आरत्यांना फिरणं चालूच असतं. तासभर घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवणाऱ्याच्या मनगटांना आणि खांद्यांना विचारा. आणि फुगडीचं तर काय सांगावं! गोल धरून, वाकून, पाय आपटत, मध्येच लय दुप्पट करत चाललेली फुगडी चांगल्या चांगल्यांची दमछाक करते. हे सगळं नुकसान आवरतं घेतं. पूर्ण भरून काढत नाही, पण आवरतं घेतं.

ताकद घर सोडून जात नाही

स्नायूंची ताकद दमासारखी लगेच पळत नाही. नियमित वजनं उचलणाऱ्या तरुण किंवा मध्यमवयीन माणसाची ताकद तीन-चार आठवडे बऱ्यापैकी टिकून राहते. सुट्टीनंतर हात-पाय बारीक झाल्यासारखे वाटतात त्याचं कारण बहुधा स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) आणि त्याच्यासोबतचं पाणी कमी-जास्त होणं हे असतं. स्नायूचे तंतू इतक्या लवकर वाहून जात नाहीत.

याहून मोठी सुट्टी झाली असेल, अगदी महिनोन्‌महिने, तरी पूर्वी केलेलं काम वाया जात नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांनी २० आठवडे जड वजनांचा सराव केला, मग सुमारे ३० आठवडे तो पूर्ण सोडला. पुन्हा सुरू केल्यावर अवघ्या ६ आठवड्यांत त्यांची ताकद आणि स्नायूंची जाडी बरीचशी परत आली. याचं एक कारण असं सांगितलं जातं की स्नायू वाढताना त्याच्या पेशींत नवी केंद्रकं येतात, आणि स्नायू पुन्हा बारीक झाला तरी ती केंद्रकं मागे राहतात. उंदरांवर २०१०मध्ये झालेल्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं. माणसांत ते किती प्रमाणात घडतं यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. पण अनुभव सगळ्यांचा तोच आहे. वर्षभर बंद असलेलं गावचं घर चवथीला उघडताना भिंती नव्याने बांधाव्या लागत नाहीत, झाडलोट केली की घर राहण्याजोगं होतं. तसं हे आहे.

साठी ओलांडलेल्यांनी मात्र यावर फार विसंबू नये. वयाबरोबर स्नायू लवकर उतरतात आणि हळू परत येतात. घरातल्या आजी-आजोबांना सुट्टीतही खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा-बारा वेळा उठ-बस करायला लावणं, हे त्यांच्यासाठी कुठल्याही टॉनिकपेक्षा मोलाचं आहे.

काट्याचं काय

परतल्यावर पहिल्या सकाळी वजनकाटा दोन-अडीच किलो जास्त दाखवतो आणि माणूस घाबरतो. हिशेब करून पाहू. एक किलो चरबी अंगावर चढायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. नेवऱ्या, पातोळ्या, मोदक, मुगाचं गोड असं कितीही झालं तरी दहा दिवसांत शुद्ध चरबीचे दोन-अडीच किलो चढणं सोपं नाही. मग हे वजन कुठलं? शरीर ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवू शकतं आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. त्यात लोणची, पापड आणि फरसाणातल्या मिठाने थांबलेलं पाणी. नेहमीचं जेवण सुरू झालं की यातलं बरंचसं आठवडाभरात निघून जातं. म्हणून पहिले आठ दिवस काट्यावर चढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि नेवऱ्या ‘जाळायला’ धावू नये. सत्तर किलोचा माणूस तासभर झपाझप चालला तर अडीचशे ते तीनशे कॅलरी खर्च करतो. व्यायामाकडे खाल्ल्याची शिक्षा म्हणून पाहिलं की तो लवकरच सुटतो, हे मी कितीतरी जणांच्या बाबतीत पाहिलं आहे.

गोव्यात यापेक्षा जास्त लक्ष साखरेकडे द्यायला हवं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) ‘इंडियाब’ या मधुमेहाच्या पाहणीचे देशभरातले आकडे २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. व्यायामामुळे स्नायू रक्तातली साखर जास्त सहजपणे ओढून घेतात, पण एका व्यायामाचा हा परिणाम एक ते तीन दिवसच टिकतो. दहा दिवस हालचाल कमी आणि गोडधोड जास्त, असं झालं की रक्तातली साखर वर राहिली तर नवल नाही. चांगली गोष्ट ही की पहिल्या दिवशीच्या चालण्यापासूनच हा परिणाम परत सुरू होतो. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं फिरणंसुद्धा उपयोगी पडतं. इन्सुलिन किंवा साखर फार उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी सुट्टीत डोस वाढवला असेल, तर व्यायाम पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. वाढलेला डोस आणि अचानक व्यायाम एकत्र आले की साखर धोकादायक खाली जाऊ शकते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर ठेवावी.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना

आता सगळ्यात महत्त्वाचं. परतल्यावरच्या व्यायामातला खरा धोका दम लागण्यात नाही. दम माणसाला थांबवतो. ताकद मात्र बरीचशी शाबूत असते, डोक्याला जुनी वजनं आठवतात, आणि ती उचललीही जातात. स्नायूंच्या तंतूंची मार सोसण्याची सवय मात्र तोवर पातळ झालेली असते.

फोंड्याच्या एका जिममध्ये चवथीनंतरच्या पहिल्या आठवड्यात ऐकलेलं बोलणं सांगते. चाळिशीच्या एक बाई बारला नेहमीच्या तबकड्या लावत होत्या. ट्रेनरने येऊन दोन्ही बाजूंच्या एकेक तबकडी काढून ठेवली.

“अरे, एवढं तर मी उचलते ना रोज!”

“उचलाल हो ताई, आज पण उचलाल. परवा जिना उतरताना मला शिव्या द्याल.”

त्या हसल्या आणि तबकड्या खालीच राहू दिल्या. त्या मुलाने जे ओळखलं होतं त्यामागचं कारण असं. स्नायू ताणला जात असताना जोर लावतो, तेव्हा त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा जास्त होते. स्क्वॉटमध्ये खाली बसणं, वजन हळू खाली आणणं, उतारावर धावणं, पायऱ्या उतरणं, हे सगळे ताणाखालचे प्रकार. इजेनंतर तिथे सूज येते, दुरुस्ती सुरू होते, आणि दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. म्हणून व्यायामाच्या दिवशी काही वाटत नाही आणि दोन दिवसांनी जिन्याचा कठडा धरून आडवं-तिडवं उतरावं लागतं. ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साचलं’ असं अजूनही सर्रास सांगतात, पण व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट साधारण तासाभरात रक्तातून साफ होतं. परवाच्या दुखण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

शरीर यातून झपाट्याने शिकतं. तोच व्यायाम एकदा थोडा केला की पुढच्या वेळी इजा खूपच कमी होते, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणजे पहिल्या दिवशी दोनच सेट केले तरी ते वाया गेले नाहीत. त्यांनी पुढच्या वेळेसाठी स्नायूंना तयार केलं. मुद्दाम थोडा केलेला पहिला व्यायाम हा माझ्या मते सगळ्या पुनरारंभातला सगळ्यात शहाणा भाग आहे.

दुखणं मर्यादेत असेल तर हलकं चालावं, भरपूर पाणी प्यावं, दोन-चार दिवसांत ते जातं. पण एक खूण कधीही दुर्लक्षू नका: स्नायू टणक होऊन सुजले, दुखणं असह्य झालं आणि लघवी गडद तपकिरी होऊ लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये जा. स्नायूंची फार मोडतोड झाली की त्यांतला मायोग्लोबिन नावाचा पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. तो क्वचित होतो, पण होतो तेव्हा बऱ्याचदा मोठ्या खंडानंतर एकदम शेकडो उठाबशा किंवा पुश-अप काढलेल्या धडधाकट माणसालाच होतो. उन्हात, कमी पाणी पिऊन केलं तर धोका आणखी वाढतो.

टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे, तर स्नायूंपेक्षाही सावकाश तयार होतात. टाच आणि गुडघ्याच्या वाटीखालची दुखणी सुट्टीनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उपटतात ती याचमुळे: तोवर दम परत आलेला असतो, उत्साह वाढलेला असतो, आणि टेंडन मागे राहिलेले असतात.

मग सुरुवात कशी करायची

अमेरिकेतल्या बळ-प्रशिक्षकांच्या दोन संघटनांनी २०१९मध्ये खेळाडूंसाठी एक सोपी पद्धत सांगितली. लांब खंडानंतर पहिल्या आठवड्यात एकूण काम ५० टक्क्यांनी कमी ठेवायचं, दुसऱ्या आठवड्यात ३०, तिसऱ्यात २०, चौथ्यात १० टक्क्यांनी. ती खेळाडूंसाठी असली तरी आपल्यालाही चालते. दहा दिवसांच्या सुट्टीला चार आठवडे लागायचे नाहीत, दोन पुरे. पण पहिला आठवडा निम्म्यावर ठेवाच. एरवी मिरामारहून दोनापावलापर्यंत चालत जाऊन परत येत असाल, तर अर्ध्या वाटेतून वळा. तीन सेट करत असाल तर दीड-दोन करा आणि प्रत्येक सेट संपताना आणखी दोन-तीन वेळा उचलता आलं असतं असं वाटू द्या. चालताना वेग इतका असावा की सोबतच्याशी बोलता येईल, पण आरती खड्या आवाजात म्हणता येणार नाही. घड्याळातल्या नाडीच्या आकड्याकडे या आठवड्यात फार पाहू नका. रक्तद्रव कमी असल्याने तो जास्तच दिसणार.

हवेचा हिशेबही धरा. पाऊस सरला की गोव्यात ऑक्टोबरची उकड सुरू होते. हवेत दमटपणा इतका असतो की घाम निथळतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. उकाड्यात काम करायची सवय शरीराला साधारण ७ ते १४ दिवसांत लागते. सुट्टी पंखा नाहीतर एसीखाली गेली असेल तर ती नव्याने लावावी लागते. पहिले काही दिवस सकाळी लवकर जावं, वेळ थोडा ठेवावा, आणि चक्कर किंवा मळमळ वाटली तर तिथल्या तिथे सावलीत बसावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मिरामारला होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ स्पर्धेची तयारी करणाऱ्यांना तर चवथीनंतर हातात फार आठवडे नसतात. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं समोर दिसत असताना घाई होणं साहजिक आहे. पण त्यांनीही पहिल्या आठवड्यात हुकलेला सराव भरून काढायला जाऊ नये. हुकलेलं सोडून वेळापत्रकाच्या आजच्या पानापासून, निम्म्या कामाने सुरू करावं.

सुट्टीत ताप येऊन गेला असेल तर हे सगळे हिशेब बाजूला ठेवा. पावसाळ्याच्या शेवटी डेंगीचे रुग्ण वाढतात, आणि डेंगीनंतरचा थकवा कित्येक आठवडे राहू शकतो. छातीत दुखणं, धडधड, पूर्वी कधी नव्हती अशी धाप, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

राहिली दिवाळी. ती चवथीनंतर जेमतेम दोन महिन्यांत येते, नरकासुराच्या रात्री जागरणं होतातच. मिळवलेलं टिकवायला मात्र फार कमी लागतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट हिकसन यांनी आठवड्याला सहा दिवस सराव करणाऱ्यांना दोनच दिवसांवर आणलं, जोर मात्र तितकाच ठेवला. १५ आठवडे त्यांच्या दमाची कमाल पातळी ढळली नाही. जोर कमी केला तेव्हा मात्र ती घसरली. ताकदीबाबत २०११च्या एका अभ्यासात तरुणांनी नेहमीच्या कामाच्या नवव्या भागावरही ३२ आठवडे स्नायू टिकवले. साठीच्या पुढच्यांना त्याहून जास्त काम लागलं. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत गावच्या घरी आठवड्यातून दोन सकाळी वीस मिनिटं काढा. अंगणात स्क्वॉट आणि पुश-अपचे दोन सेट, मग देवळापर्यंतचा चढ दम लागेल इतक्या वेगाने दोन-तीनदा. बाकीचा दिवस फराळाला आणि माणसांना द्या.